गाणारी मधोमध हवी

आमचे हे निवृत्त झाले तेव्हा कंपनीने त्यांना घड्याळ दिलं, सोबतच्यांनी शाल दिली आणि त्यांनी स्वतःला एक खोली दिली. खोली माझी होती, पण दानाच्या बाबतीत हे पहिल्यापासून सढळ. घराच्या मागच्या बाजूची, खिडकीतून वलवणच्या धरणाची भिंत दिसते ती. तिच्यात माझं शिलाई मशीन होतं, लोखंडी कपाट होतं, आणि मुलगी-जावई आले की त्यांच्यासाठी पलंग होता. ह्यांनी दारात उभं राहून दोनदा टाळ्या वाजवल्या, भिंतींना कान लावला आणि खोली 'ऐकण्याजोगी' असल्याचं जाहीर केलं. मशीनचे दिवस भरले हे मी त्याच क्षणी ओळखलं.

न्यायाने बोलायचं तर ह्यांची मागणी मोठी नव्हती. उभी हयात तळेगावच्या एका कारखान्यात, प्रेस शॉपमध्ये गेली. दिवसभर पत्र्यावर धडाधड कोसळणारी यंत्रं आणि त्यांच्या शेजारी हे. घरी आले की कुणी भांडं आपटलं तरी चेहरा कसनुसा व्हायचा. त्यांचे वडील मात्र गाणारे. मूळचे कान्ह्याचे, जयंतीच्या दिवसांत गावोगावी फिरणाऱ्या गायन पार्टीत पुढे उभे राहून गायचे, आणि हे समोर मांडी घालून ऐकायचे. तो आवाज कुणी कधी टेप केला नाही. वडील गेले तसा आवाजही गेला. तेव्हा निवृत्तीनंतर एक खोली, चांगले उभे स्पीकर, आणि गाणारं कुणीही असो, ते माणूस आपल्यासमोर, मधोमध उभं राहून गातंय असं ऐकायचं, एवढंच त्यांना हवं होतं. "माणूस दिसला पाहिजे," असं म्हणायचे. मला ते पटत नव्हतं असं नाही. मशीन कुठे ठेवायचं एवढंच मला कळत नव्हतं.

स्पीकर घ्यायला आम्ही पुण्याला गेलो. माझा आपला समज की स्पीकर म्हणजे आवाज मोठा करायची वस्तू. तशी असती तर पुण्यापर्यंत जायची गरजच नव्हती. शनिवारी आमच्या रस्त्यावरून धरणाकडे जाणाऱ्या गाड्यांच्या डिकीत लागतील तेवढे सापडतात, आणि मळवलीच्या फार्महाऊसवर तर रविवार पहाटेपर्यंत फुकट ऐकायला मिळतात. पण हे दुकान वेगळं होतं. जाड गालिचा, मंद दिवे, आणि अतिदक्षता विभागात बोलावं तसं कुजबुजणारा एक तरुण विक्रेता. कमरेएवढे, छातीएवढे उंच स्पीकर जोडीजोडीने लग्नाच्या स्टेजवर उभे असल्यासारखे. तो म्हणाला, ह्या जोडीचा आवाज उबदार आहे, त्या जोडीचा मोकळा, आणि ती तिसरी जरा प्रामाणिक आहे. स्थळंच दाखवत होता म्हणा ना.

ह्यांनी घरून एक सीडी नेली होती. एक बाई, एक तंबोरा, एक तबला, बस. पहिली जोडी लागली. ह्यांनी डोळे मिटले, मान तिरपी केली, आणि म्हणाले, बाई डावीकडे उभी आहे. दुसरी जोडी. बाई डावीकडे. विक्रेत्याने मागच्या वायरींची अदलाबदल केली, बाई हलेना. तिसऱ्या जोडीलाही तेच. बिचाऱ्याने स्वतः खुर्चीत बसून पाहिलं, डोकं खाजवलं, आणि गिऱ्हाईक काका नाराज होऊ नयेत म्हणून शेवटी कबूल केलं की दोष दुकानाच्या खोलीचा असणार. ह्यांचा चेहरा फुलला. कुणीतरी जाणकार भेटला. मग एका कोपऱ्यातल्या जोडीसमोरची खुर्ची खांबामुळे जरा उजवीकडे सरकलेली होती, तिथे बसल्याबरोबर बाई मधोमध आली आणि ती जोडी पसंत पडली. अशा रीतीने पोरगी पसंत करायला लागतो त्याच्या दसपट वेळ घालवून आम्ही दोन लाकडी खोकी घरी आणली.

पुढचे महिने आमच्या घरात खोक्यांचं संगोपन चाललं. ज्यांना वाटतं की स्पीकर भिंतीला टेकवला, वायर लावली, झालं, त्यांची मला आता कीव येते. भिंतीपासून किती अंतर, दोघांत किती अंतर, आत किती वळवायचे, ह्याचं एक मोठं शास्त्र आहे. भिंतीला चिकटले की आवाज घुमतो, फार लांब ओढले की बारीक होतो. दोन स्पीकर आणि ऐकणारा असा तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण पाहिजे. ह्यांनी घराचा पाया आखावा तशी सुतळी ताणली, ओळंबा सोडला, पाणसळ ठेवली. स्पीकरच्या टोकदार पायांनी फरशीला चरे पडू नयेत म्हणून प्रत्येक पायाखाली पाच रुपयांचं नाणं. जिथे ठेवला तिथे रंगाऱ्यांची कागदी चिकटपट्टी लावून खूण. त्रिकोणाची दोन टोकं स्पीकरांनी घेतली, उरलं एक, म्हणून खुर्ची एकच. मी भूमिती शिकवत आयुष्य काढलं, जिल्हा परिषदेच्या शाळेत, पण भूमितीने मलाच कधी घराबाहेर काढलं नव्हतं.

बरं, एवढं करून बाई डावीकडेच. ह्यांनी कारण शोधलं: डाव्या भिंतीजवळचं माझं लोखंडी कपाट आवाज परतवतं. कपाट स्वयंपाकघरात आलं. आता साडी काढताना फोडणीचा वास येतो. बाई हलली नाही. मग उजवीकडची खिडकी दोषी ठरली, कारण काचेतून आवाज बाहेर 'सांडतो'. खिडकीवर आईच्या हातची गोधडी टांगली गेली. धरण दिसेनासं झालं, खोलीत दमट वास कोंडला, गोधडीला बुरशी धरली. पलंग गेला, पडदे गेले, छतावरचा पंखा गेला, पण बाई काही डावी बाजू सोडेना. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. ते ऐकलं नसल्यासारखं करून त्यांनी उजवा स्पीकर बोटभर पुढे ओढला. चिकटपट्टीची नवी खूण. दर आठवड्याला उजवा स्पीकर थोडा पुढे. पावसाळा सरेपर्यंत तो खुर्चीच्या इतका जवळ आला की एखाद्या दिवशी चहा मागेल असं वाटायचं. शेवटी एका सकाळी ह्यांनी दार उघडून मला सांगितलं, आली, मधोमध आली. ते इतके खूश होते की मी शिरा केला.

खुशीच्या भरात ह्यांनी थोरल्या भावाला बोलावलं. माझे थोरले दीर अजून कान्ह्याला शेती करतात. भाताची कापणी उरकून आले. खोलीच्या दारात उभं राहून त्यांनी सगळीकडे नजर फिरवली आणि विचारलं, "येवढी खोली अन् येकच खुर्ची? बाकीच्यांनी काय भिताडाला टेकून ऐकायचं?" मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. ह्यांनी त्यांना मानाने खुर्चीत बसवलं, सीडी लावली आणि परीक्षेचा निकाल ऐकायला उभं राहावं तसे उभे राहिले. बाईने आलाप घेतला. ह्यांनी विचारलं, भाऊ, कुटं वाटती?

दिरांनी उजव्या हाताने दाखवलं. "हितं. खिडकीपाशी."

"नीट ऐक. मधी न्हाई?"

"न्हाई रं. मधी तर मोकळंच हाय."

हे हसले. भाऊंना सवय नाही, कान तयार असावा लागतो, असं मला म्हणाले, आणि माझी साक्ष काढायला पहिल्यांदाच मला त्या खुर्चीत बसवलं. मी बसले. बाई स्पष्ट उजवीकडे होती. खिडकीच्या गोधडीला पाठ लावून उभी असावी तशी. मधे खरंच मोकळं होतं.

काय सांगू, मला आनंद झाला. कपाट, मशीन, पलंग, गोधडी, सगळ्याचा हिशेब चुकता करणारं वाक्य माझ्या जिभेवर आलं. मी वळून वर पाहिलं. हे खुर्चीमागे माझ्या डोक्याच्या रेषेत उभे होते, डोळे मिटलेले, मान उजवीकडे वळवून डावा कान पुढे केलेला, आणि चेहऱ्यावर असं समाधान की ते गाणारं माणूस त्यांना दिसत होतं. अगदी मधोमध दिसत होतं. माझं वाक्य तोंडातच राहिलं. वर्गात एखादं पोर असं मान वाकडी करून बसलं असतं तर मी आठवडाभरात त्याला पुढच्या बाकावर आणलं असतं. पण नवरा ऐकत नाही हा आजार आहे असं कुठल्या बायकोला वाटतं? जेवताना मी त्यांच्या उजव्या हाताला बसते. फोन ते डाव्या कानाला लावतात. सगळं डोळ्यांसमोर होतं, आणि सगळ्याचं मी एकच नाव ठेवलं होतं: स्वभाव.

मी म्हटलं, मला नीट कळत नाही. दीर माझ्याकडे पाहत राहिले, आणि त्यांनाही बहुधा कळलं, कारण ते म्हणाले की गाणं लय चांगलं आहे.

ह्यांना कानाच्या डॉक्टरांकडे न्यायला मला बरंच राजकारण करावं लागलं. तुमचे कान ऐकण्याच्या कामाचे, तर एकदा तयार कानांचा दाखला घेऊन ठेवा, असं म्हटलं. दाखला म्हटल्यावर आले. तळेगावला एक दवाखाना आहे. तिथे काचेची एक छोटी केबिन, आत एकच खुर्ची. ही खोली त्यांना फार आवडली. भिंतींना लावलेला फोम त्यांनी बोटाने दाबून पाहिला. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मला बाहेर, तपासणाऱ्या मुलीच्या शेजारी बसायला मिळालं. ती आवाज पाठवायची तेव्हा तिच्या यंत्रावर एक दिवा लागायचा, आणि ह्यांनी बटण दाबलं की दुसरा.

डाव्या कानाला दोन्ही दिवे बरोबरीने लागत होते, एक-दोन सोडले तर. मग तिने उजवा कान घेतला. पहिला दिवा लागला. दुसरा लागला नाही. पुन्हा पहिला. तिने आवाज वाढवला. पुन्हा पहिला. हे काचेतून माझ्याकडे बघत होते, पाठ ताठ, अंगठा बटणावर तयार, पेपर हातात यायची वाट बघणाऱ्या हुशार मुलासारखे. दिवा लागत होता, विझत होता. शेवटी त्यांनी केबिनमधूनच मोठ्याने विचारलं, "डावा झाला ना? मग उजवा कधी सुरू करणार?"

ती मुलगी माझ्याकडे बघेना. मी त्यांना हाताने थांबा अशी खूण केली. दुसरं काय करणार होते.

डॉक्टर सरळ बोलणारे होते. उजव्या कानाची नस थकली आहे असं सांगून, वर्षानुवर्षं कामावर यंत्र कुठल्या हाताला होतं, असं त्यांनी विचारलं. हे म्हणाले, उजव्या. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही, कानात लावायच्या यंत्राने बोलणं कळेल, गाणं मात्र पूर्वीसारखं नाही; डावा जपा. लोणावळ्याला परतताना लोकलमध्ये हे खिडकीजवळ बसले. मी समोरून उठून त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग नेमका कुणाचा ते ठरत नव्हतं. इतक्या वर्षांत त्या प्रेसवर काढायचा राहिलेला राग मी मनातल्या मनात त्या पुण्याच्या पोरावर काढला, ज्याने दोष खोलीवर घातला.

त्यानंतर खोली बंदच राहिली. मला वाटलं, आता स्पीकर विकतील. गंमत बघा, ज्या खोक्यांना मी रोज शिव्या घातल्या ती जाऊ नयेत म्हणून मी त्यांच्यावरची धूळ पुसायला लागले. मग एका दुपारी आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर हे जमिनीवर बसून चिकटपट्टीच्या जुन्या खुणा नखाने खरवडत होते.

"बस खुर्चीत," म्हणाले.

मी बसले. त्यांनी सीडी लावली आणि उजव्या स्पीकरला मिठी मारून मागे सरकवलं. कुठे आहे, विचारलं. मी म्हटलं, उजवीकडेच. अजून मागे. आता? थोडी आत आली. अजून. मग डावा जरा वळवला. घामाघूम झाले होते, मदत करू देईनात. आणि एका क्षणी, मी काही सांगायच्या आत, बाई आली. समोर, मधोमध, दोन हातांवर. श्वास घेताना कळत होती. मी आयुष्यात असं काही ऐकलं नव्हतं. इतके दिवस हे कशाच्या मागे होते ते मला तेव्हा कळलं.

"आली," मी म्हटलं. "अगदी मधे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी नव्या पट्ट्या लावल्या. मी सांगितलं की अहो, ही मांडणी माझ्या कानांची झाली, तुम्ही बसलात की बाई पुन्हा डाव्या भिंतीला जाईल. ते माझ्या डाव्या बाजूला भिंतीला टेकून बसले, हातरुमालाने मान पुसली.

"जाऊ दे. ती मधे उभी आहे एवढं मला माहीत असलं म्हणजे झालं. तू सांगत जा."

तीस वर्षांच्या संसारात ह्यांनी माझ्याकडून ऐकून घ्यायची तयारी दाखवली ती ही अशी. मी खुर्चीतून उठले नाही. गाणं संपेपर्यंत, त्यांनी माझ्याकडे पाहिलं की दर वेळी, मी सांगत राहिले: मधेच आहे. अजून मधेच आहे.