आगाऊ मानलेले आभार

माझी कंपनी बंद पडल्यापासून आमच्या खडकीच्या चर्चमध्ये दर रविवारी माझ्यासाठी प्रार्थना व्हायची. पाळकसाहेब आधी आजाऱ्यांची नावं घेत, मग आम्हा बेकारांची. भर मंडळीत आपलं नाव ऐकताना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण उपासनेनंतर आवारात चहा घेताना कोणीतरी हळूच विचारायचं, "बायोडाटा आणलाय का?" आमच्यात नोकऱ्या अशाच लागतात. अर्धी प्रार्थना आत, उरलेली चहापाशी.

मंडळीचा कारभार पाहणाऱ्या एका पंचांचा भोसरीत छोटा कारखाना होता. "स्टोअरमध्ये जागा होतेय. बघतो तुमच्यासाठी," ते म्हणाले. मी घरी येऊन बायकोला सांगितलं. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली.

पुढच्या रविवारी साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायच्या वेळी, ती उठली आणि म्हणाली, "यांना नोकरी दिल्याबद्दल मी प्रभूचे आभार मानते." मी तिच्याकडे बघतच राहिलो. मागितलेलं मिळालंच आहे असं धरून आधीच आभार मानायचे, ही तिच्या माहेरची रीत. आमच्या मंडळीला ती कुठली ठाऊक असायला? टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी जो तो माझा हात हातात घेऊन अभिनंदन करू लागला. त्या गर्दीत पंच कधी निघून गेले कळलंच नाही.

सोमवारी पंचांना फोन लावला. "अहो, तुमचं दुसरीकडे झालं ना? मी ती जागा आपल्याच मंडळीतल्या एकाला दिली. त्याच्या घरीही हालच आहेत. आता शब्द कसा फिरवू?"

बायको ओट्यापाशी लसूण सोलत होती. "मी खोटं नव्हते बोलले," एवढंच म्हणाली. तिच्यावर ओरडायची सोय नव्हती. देवावर मनातल्या मनात भरपूर ओरडून घेतलं. त्यानं नेहमीप्रमाणे ऐकून घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी, ज्याला ती जागा मिळाली होती तो साक्ष द्यायला उठला. त्याला बोलवेना, नुसताच रडला. माझ्या बायकोनंही टाळ्या वाजवल्या.

मग पाळकसाहेबांनी विचारलं, "आणखी कोणासाठी प्रार्थना करायची आहे?"

"अहो, उठा," ती कुजबुजली. "सांगा, माझी चूक झाली म्हणून."

तिला सगळ्यांसमोर खोटं पाडायला माझे पाय उचलेनात. पाळकसाहेबांनी डोळे मिटून बेकारांची नावं घेतली. त्यात माझं नाव नव्हतं. शेवटी सगळ्यांबरोबर मीही आमेन म्हणालो.