मानेखालची घडी

सुमे, जरा जवळ ये, ऐक. महिनाभर फिरकली नाहीस, लबाड! कोपऱ्यावरच्या ब्युटी पार्लरच्या शाळेत मुली माझ्या केसांवर हात बसवतात ना, तिथं परवा शिकवण्यात काय सुधारायचं ते विचारायला बैठक होती. पार्लरवाल्या, मुलींचे आईवडील आणि चक्क मीही!

मी म्हटलं, "मला काय विचारता?"

शाळेच्या बाई म्हणाल्या, "आजी, डोकं तर तुमचंच असतं!"

मग धीर करून सांगितलं, केस धुताना बेसिनच्या कडेवर मान अवघडते, यायलाच नको वाटतं. दुखतंय हे सांगायचंही असतं, हे ठाऊकच नव्हतं; इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं गं.

आज बघते, प्रत्येक बेसिनवर टॉवेलची जाड घडी! डोळे भरले, शाम्पू गेला म्हटलं.

लवकर ये, तुझेही केस धुऊन घेऊ.