ए माजलगाव!

खालांना माणसांची नावं लक्षात राहत नसत असं नाही, त्या ती विचारतच नसत. वाळूजच्या कारखान्यांमागे त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या. येईल त्याला त्या गावाच्या नावानं हाक मारत. मी माजलगाव. शेजारचा बिहारी तरुण छपरा. नळाला पाणी आलं की सुरू! "ए माजलगाव, घागर लाव! ए छपरा, कित्ता सोता रे!"

अंगाची हळद उतरायच्या आत मी नवऱ्यामागं इथं आले. स्टोव्ह पेटवणार तोच खाला दारात उभ्या. "नव्या भाडेकरूनं पहिल्या दिवशी चूल पेटवायची नाय. माझ्या घरचं खायचं." त्यांनी खिचडी आणि चिंचेचा आंबट खट्टा आणला होता. "बिनघोर खा, अंडंसुद्धा नाय त्यात." खाता खाता मला रडू फुटलं. "आजच रडून घे बाई," त्या म्हणाल्या, "उद्यापासून पाणी भरायचंय."

माझा नवरा पेरणीसाठी गावी गेला आणि परत येऊन बघतो तर त्याच्या मशीनवर छपरा! असा भडकला म्हणता! खालांनी त्यालाच झापलं. "त्याच्यावर काय डाफरतो? तू पेरणीला पळतो, जत्रंला पळतो. त्याचं गाव दोन दिवस रेलवर. तो कुठं पळंल? म्हणून तर ठेकेदार त्याला रगडतो." दुसऱ्या दिवशी त्या स्वतः नवऱ्याला ओळखीच्या मुकादमाकडं घेऊन गेल्या आणि कामाला लावूनच परतल्या. आमचा संसार टिकला तो त्या बाईमुळं.

पुढं 'बाहेरच्यांना हाकला' असं वारं सुटलं. एका संध्याकाळी वस्तीतली पोरं आली. "खाला, छपऱ्याची खोली आत्ता रिकामी करा, नायतर आम्ही सामान फेकतो." छपरा आतून कडी लावून बसलेला. खाला उंबऱ्यावर सुपारी कातरत होत्या, त्या उठल्यासुद्धा नाहीत.

"तू गंगापूर ना? तुझा बाप कोपऱ्यातल्या खोलीत राहायचा. पहिल्या दिवशी माझीच खिचडी खाल्ली त्यानं. आणि तू रे पाथरी, तुझी आई इथंच बाळंत झाली. नाळ मी कापली तुझी." मग अडकित्ता खाली ठेवला. "आणि मी बोरगाव. पोलीस ॲक्शननंतर गाव सुटलं, अम्मीच्या कडेवर इथं आले. हाकलायचं तर आधी मला हाकला."

पोरं एकेक करून पांगली. छपऱ्यानं कडी काढली आणि तो खालांच्या पायाशी येऊन बसला. त्या कसल्या विरघळतात! "बैठा क्या है? पानी भर," म्हणाल्या.

आम्ही शहरात, उस्मानपुऱ्यात घर घेतलं. काही वर्षांनी खाला शेवटच्या आजारात आहेत असं कळलं आणि मी धावत गेले. त्या कुणालाच ओळखत नव्हत्या. मुली "अम्मी, अम्मी" म्हणून थकल्या होत्या. मी कानाशी वाकले आणि म्हणाले, "ए बोरगाव!"

त्यांनी डोळे उघडले.

"कोण, माजलगाव? आज चूल पेटवू नको बाई. खिचडी टाकलीय."