वळणावर बसलेला माणूस

वळणावर रस्त्याकडे बघायचं सोडून मी एका माणसाकडे बघत राहिलो.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. भिंगारपलीकडच्या जुन्या धावपट्टीवर एका क्लबनं शिकाऊ ड्रायव्हरांसाठी रेसच्या गाड्या आणल्या होत्या. एकालाच बसता येईल अशा, उघड्या चाकांच्या. सगळ्यांचं इंजिन सारखं, टायर सारखे. त्यामुळे फरक दिसायचा तो फक्त चालवणाऱ्याचा. जो उत्तम चालवेल त्याला मद्रासच्या शर्यतीत जागा मिळणार होती. ती मलाच मिळाली, असं मी घरी आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं.

शेवटच्या वळणाबाहेर, सकाळच्या धुक्यात, एक म्हातारा घोंगडी अंथरून बसला होता. मधेच तो उठायचा, घोंगडी झटकायचा आणि लांब जाऊन बसायचा. पुढची गाडी गरगर फिरत नेमकी त्यानं सोडलेल्या जागेवर येऊन थांबायची. तो उठला नाही, तर गाडी सुखरूप निघून जायची. हे मी दोन-तीनदा पाहिलं.

माझी पाळी आली. वळणाशी पोचलो तेव्हा म्हातारा बसलेला होता. हायसं वाटलं. मग त्यानं सावकाश घोंगडी उचलली.

गाडी थांबली ती त्याच्या जागेवरच. मद्रास तिथंच संपलं.

"बाबा, तुम्हाला आधी कसं कळतं?" पट्टे सोडता सोडता मी विचारलं.

धुक्यातून येणाऱ्या पुढच्या गाडीच्या आवाजाकडे त्यानं कान दिला.

"ते ऱ्हाऊ द्या. आदी हितनं पळा. मागचा बी तुमच्यावानीच येडा हाय."