एनिडची काचेची सुई

कॅनबेरातल्या आमच्या प्रयोगशाळेत एनिड ट्रँटर नाकतोड्याच्या पेशीतली गुणसूत्रं काचेच्या सुईनं हलवायची. केसाहून बारीक ती सुई ती स्वतःच ज्योतीवर ओढून बनवायची. मी शेजारच्या टेबलावर असायचे आणि तिच्या हाताचा मला हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू.

चाळिशी उलटल्यावर तिला मुलगी झाली. एक गुणसूत्र जास्तीचं घेऊन आलेली ती पोर पंधरवडाही जगली नाही. दफनानंतरच्या चहाला तिचा नवरा क्लाइव्ह सगळ्यांदेखत म्हणाला, "दिवसभर किड्यांच्या पेशीत सुया खुपसत बसायचं. भोवणारच की." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एनिड सँडविच वाढत राहिली.

क्लाइव्हनं घर सोडायचं ठरवलं, तेव्हा ती त्याला प्रयोगशाळेत घेऊन आली. यात आपला हात नव्हता, एवढंच तिला त्याला पटवायचं होतं.

"ही जोडी बघ," ती म्हणाली. "पेशी दुभंगायच्या आधी यातल्या दोन्ही गुणसूत्रांना दोन बाजूंचे धागे ओढतात. दोन्हीकडून ताण बसला की पकड पक्की. दोन्ही एकाच बाजूला अडकली तर ताणच नाही. मग धागे सुटतात, पुन्हा धरतात. माझ्या वयाच्या बाईच्या बीजात जोडी आधीच सैल पडलेली असते. कुणी काही केलेलं नसतं रे."

"मग चुकलेली दाखव ना."

इथंच घोळ होता. नाकतोड्याच्या पेशीत चूक टिकतच नाही, बघेपर्यंत सुधारलेली असते. म्हणून चूक बघायची तर ती सुईनं धरून ठेवायची, ही आमची रीत. एनिडनं जोडी एका बाजूला वळवली आणि सुईनं उलटा, हलका ताण दिला. मी तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं, पण तिची नजर भिंगातून हलेना. त्या खोट्या ताणाला पेशी फसली. धागे सुटले नाहीत. बऱ्याच वेळानं पेशी दुभंगली आणि दोन्ही गुणसूत्रं एकाच अर्ध्यात गेली.

क्लाइव्हनं हे सगळं सूक्ष्मदर्शकाच्या दुसऱ्या भिंगाला डोळा लावून पाहिलं. मग उठून टोपी घातली.

"म्हणजे हातानं करता येतं," तो म्हणाला.

"अरे, तुला दिसावं म्हणून केलं मी."

"दिसलं."

खाली गाडी सुरू झाली, तेव्हा एनिड अजून पेशीतून सुई काढत होती.