गोळी संघपालची, मतं वडनेरची

वडनेर भोलजीत कुणाची विहिरीवरची मोटार जळाली की तो माणूस आधी विजेला शिव्या देतो आणि मग मोटार गाडीवर टाकून संघपालकडे येतो. संघपाल मोटारी भरतो. जळालेली तार उपसायची, नवी तांब्याची तार वेटोळं वेटोळं करून बसवायची, वर वॉर्निश मारायचं. हायवेच्या कडेला त्याचं पत्र्याचं दुकान आहे.

ह्या कामाला एका जागी बसणारं बूड लागतं. ते देताना निसर्गाचा काहीतरी घोळ झाला असावा. संघपाल गुलाबरावांची मोटार भरायला घ्यायचा. अर्धी झाली की नारायणरावांची यायची, आणि तिचं बेअरिंग जास्त मजेदार वाटायचं. बेअरिंग हातात असताना रस्त्यावरून वरातीचा बँड गेला की हा बेअरिंग घेऊन वरातीत. दुकानात एका वेळी इतक्या मोटारी पोट उघडून पडलेल्या असायच्या की लांबून ऑपरेशनचं शिबिर वाटावं. बाहेरच्या बाकावर त्यांचे नातेवाईक, म्हणजे शेतकरी, बसलेले.

तरी कुणी नांदुऱ्याच्या दुकानात जात नसे. कारण संघपालचं बोलणं. कुणाच्या विहिरीत बेडूक मोटारीत कसा शिरला, कुणाच्या सासऱ्यानं स्टार्टरची पूजा करताना त्यालाच कुंकू कसं पाजलं, अशा गोष्टी तो सांगायचा. त्याही अर्ध्याच. म्हणून माणसं दुसऱ्या दिवशी मोटारीच्या निमित्तानं पुढची गोष्ट ऐकायला यायची.

हे असंच चाललं असतं. पण एक दिवस जानरावांच्या विहिरीवर त्यानं वीज बंद करायला मेन स्विच पाडला, स्टार्टर उघडला, मध्येच काहीतरी आठवून डीपीपर्यंत जाऊन आला, येताना मेन पुन्हा चढवला, आणि आपणच चढवलाय हे विसरून स्टार्टरमध्ये हात घातला. तळहात भाजला. मलकापूरला पट्टी बांधणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं, "कसं झालं?" संघपालनं सांगायला सुरुवात केली. त्यातून तो दवाखान्याच्या पंख्याच्या आवाजावर गेला, मग पंख्याच्या कंडेन्सरवर, मग कंडेन्सर विकणाऱ्या माणसाच्या दुसऱ्या लग्नावर. पट्टी संपली, हात कसा भाजला ते डॉक्टरांना कळलंच नाही. त्यांनी शांतपणे मानसोपचाराच्या डॉक्टर हर्षल यांच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

गावात बातमी पोचायला एवढं पुरलं. संघपालची आई रुख्मिणीबाई ओट्यावर बसून म्हणाली, "माह्या पोराले येड नाई लागलं बाप्पा. लहानपनापासून तो असाच हाय."

गंमत म्हणजे डॉक्टर हर्षलही नेमकं तेच म्हणाले. हे वेड नाही, हे लहानपणापासूनचं आहे, लक्षाला लगाम नसतो, याला एडीएचडी म्हणतात. प्राथमिक शाळेतल्या गुरुजींनी हेच निदान "पायाला भिंगरी आहे कार्ट्याच्या" अशा शब्दांत फुकट केलं होतं. डॉक्टरांकडे मात्र गोळी होती. अगदी कमी सुरू करू, हळूहळू वाढवत नेमकी मात्रा शोधू, त्याला काही महिने लागतील, असं त्यांनी समजावलं. शेवटी म्हणाले, "येताना घरचं एक माणूस सोबत आणत जा. स्वतःतला फरक स्वतःला नीट दिसत नाही."

डॉक्टर म्हणून ते बरोबरच होते. पण वडनेरात घरचं माणूस म्हणजे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिल्यांदा आई गेली. तिनं एकच तक्रार मांडली, पोरगं जेवत नाही. डॉक्टरांनी गोळी जेवणानंतर घ्यायला सांगून मात्रा तेवढीच ठेवली. दुसऱ्यांदा आईचे गुडघे दुखत होते, बायकोला, समताला, मीटिंग होती, आणि गुलाबरावांची मोटार दुकानात उघडी पडलेली. त्यांनी संघपालला आपल्या मोटरसायकलवर बसवलं आणि त्याच्या मागोमाग डॉक्टरांच्या खोलीत शिरले.

"तुम्ही यांचे कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"काका लागतो."

"सख्खे?"

"गावात समदे सख्खेच असतात साहेब," गुलाबराव खुर्ची ओढत म्हणाले. "फरक हाय गोळीनं, नाई म्हनत नाई. पन कमी हाय. गव्हाले कसं, खताच्या पयल्या डोसानं उगवते, दुसऱ्यानं भरते. तुमी दुसरा डोस द्या."

डॉक्टरांनी संघपाललाही विचारलं. तो म्हणाला, थोडं बरं वाटतं, पण अजून हातातलं काम सुटतं. रक्तदाब पाहून, वजन पाहून डॉक्टरांनी मात्रा वाढवली. म्हणजे ती गुलाबरावांच्या सांगण्यावरून वाढली असं म्हणता येणार नाही. गुलाबराव मात्र अजून तसंच म्हणतात.

आणि मोटारी भरून निघू लागल्या. सकाळी टाकलेली मोटार सांगितलेल्या दिवशी तयार. वडनेराच्या इतिहासात असं काही घडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. संघपाल मान खाली घालून तार गुंडाळत बसायचा, बाहेरून अख्खी वरात गेली तरी मान वर नाही. शेतकरी खूश झाले आणि लगेच शेतकऱ्यांसारखेच वागायला लागले. ज्याची मोटार त्या दिवशी व्हायची, तो सकाळीच चहाचा ग्लास घेऊन हजर.

"गोळी घेतली काय बे?"

"घेतली."

"दाखव पाकीट."

ज्यांच्या फीडरला रात्रीची लाईन होती, म्हणजे शेतात वीज रात्रीच यायची, त्यांचं म्हणणं, गोळी संध्याकाळी द्यावी. नारायणरावांनी तर सुचवलं की हंगामात दोन आणि उन्हाळ्यात सुट्टी. ग्रामसभेत हा विषय आला नाही तो फक्त सरपंचांची मोटार चालू असल्यामुळे.

एक मात्र झालं. बाकावर बसणाऱ्यांना ऐकायला काही उरलं नाही. विचारलं तर "हाव" किंवा "नाई". काही दिवसांनी बाक रिकामा पडला. लोक मोटार टाकून जायचे आणि तयार झाली की न्यायला यायचे. जगात सगळीकडे असंच चालतं म्हणे.

गावाला संघपाल सकाळी दिसायचा आणि डॉक्टरांना दुपारी. संध्याकाळी गोळीचा अंमल उतरायला लागला की जो उरायचा, तो फक्त समताला दिसायचा. तो पिळून वाळत टाकल्यासारखा घरी यायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. एकदा पोरगी काजल गृहपाठाची वही घेऊन जवळ गेली, तर तिच्यावर असा खेकसला की ती पुन्हा गेलीच नाही. आधी ह्या घरात बाप आणि लेक मिळून इतका दंगा करायचे की शेजारी भिंत वाजवायचे. समता आशा वर्कर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या बायकांना गोळ्या घ्या म्हणून समजावते. घरच्या गोळीपुढे मात्र तिला शब्द सुचेनात.

तिसऱ्यांदा ती गेली.

"साहेब, कामाचं मी काई म्हनत नाई," ती म्हणाली. "पन आमच्या घरी आता कोनी हसत नाई. मायी पोरगी बापाले भिऊन राह्यली. थोडी कमी करा."

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. गोळी उतरताना असं होऊ शकतं, म्हणाले. मात्रा कमी केली, आणि विजेच्या कामात दुप्पट जपायला सांगितलं.

संघपाल परत आला. म्हणजे रोज दुकानातून घरी यायचाच, पण आता तो स्वतः यायचा. रात्री भिंत वाजू लागली. बाक भरला. मोटारींची पोटं पुन्हा उघडी पडली. गुलाबराव करवादले, "बायकोच्या सांगन्यावर औषध चालते काय बे कोठी?" पण बेडकाची गोष्ट पुन्हा लागली तेव्हा सगळ्यात मोठ्यानं तेच हसत होते. समताला त्या दिवसांत बाजारात पाहिलं तर ती वांग्याचा भावही गोड आवाजात पाडायची.

आणि मग नारायणरावांच्या विहिरीवर संघपालनं मेन चालू असताना पुन्हा हात घातला.

ह्या वेळी विजेनं त्याला चिकटवून धरलं. नारायणरावांचा सालदार शहाणा, तो त्याला ओढायला गेला नाही, धावत जाऊन मेन पाडला. संघपाल वांग्याच्या सरीत आडवा पडला. सरकारी दवाखान्यात डोळे उघडल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते घडलेला प्रकार रंगवून सांगण्याचं. स्टार्टरनं कसा हात मिळवला, सोडायलाच तयार नव्हता, पाहुण्याला आग्रह करतात तसा. नर्स हसली. गुलाबराव डोळे पुसत हसले. पायाशी बसलेली समता हसली नाही.

पुढच्या वेळी दोघंच मलकापूरला गेले. डॉक्टरांनी बराच वेळ दिला. सावकाश उतरणारी दुसरी गोळी आहे, म्हणाले, पण ती इथं मिळत नाही, मागवावी लागेल. लागू पडेल का, हे पाहायलाही काही आठवडे जातील. ती लागू पडलीच तरी संध्याकाळचं काय होईल, ह्याची हमी ते देऊ शकत नव्हते. तोवर विजेचं काम बंद ठेवता येईल का?

"मंग मी काय करू साहेब?" संघपालनं विचारलं. त्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं.

"तुम्हाला स्वतःला कोणती मात्रा बरी वाटते?"

"मले तं कमीचीच. पन मी हात घालतो तवा मी कोठी असतो, तेच मले समजत नाई."

डॉक्टरांनी समताकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"वाढवा साहेब," ती म्हणाली.

"मागच्या वेळी तुम्हीच कमी करा म्हणालात."

"हाव. मीच म्हनलं होतं."

वाढवलेली गोळी दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू व्हायची होती. परतीच्या एसटीत संघपालला समताशेजारी पुढची जागा मिळाली. तेवढ्यात त्याला कंडक्टरच्या तिकिटाच्या मशीनवरून काहीतरी आठवलं आणि तो सुरू झाला. मशीनवरून जुन्या तिकिटांच्या डब्यावर, डब्यावरून कुणाच्या तरी मामावर. मागच्या बाकावरच्या दोन म्हाताऱ्या पुढे वाकल्या. शाळेची पोरं उभी राहिली. असा तो रंगात आला की एरवी समता त्याला कोपरानं ढोसते आणि "बस करा न हो, लोक आयकून राह्यले," म्हणते. त्या दिवशी तिनं ढोसलं नाही.

वडनेर आलं. कंडक्टरनं दोनदा नाव पुकारलं. संघपालचं लक्ष नव्हतं, ते कधीच नसतं. समतानं नाव ऐकलं, खिडकीतून आपला फाटा पाहिला, आणि ती बसून राहिली.

पुढच्या फाट्यावर दोघं उतरले आणि हायवेच्या कडेनं मागे चालत आले. तो बोलत होता.