कमीत कमी सहा

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी बाजारात, कमानिया गेटजवळ, तिच्यासाठी मोसंबी निवडत होतो. तिचा मुलगा निखिल पुण्याहून दिवाळीत यायचा होता. दिवाळीला अजून दीड महिना होता...

ताई, माझी मोठी बहीण, दीक्षितपुऱ्यातल्या घरी तीस वर्षं हिंदी शाळेतल्या मुलांची बीजगणिताची शिकवणी घ्यायची. तिच्याकडे आधी शब्द, मग गणित. समीकरण, असमानता, समप्रमाण... अर्थ सांगता आला नाही तर पेन खाली ठेवायला लावायची. एका चुकीवर मात्र ती दरवर्षी नव्यानं भडकायची. 'कम से कम पाँच' वाचलं की मुलं त्यातला 'कम' बघून 'पेक्षा लहान'चं चिन्ह टाकत. "अरे भैया, कम से कम पाँच यानी पाँच या उससे ज़्यादा!" मी गणितात ढ, पण एवढं मलाही पाठ होतं.

त्यामुळे चुकून झालं असं म्हणायची मला सोय नाही. ताईच्या आजाराचे रिपोर्ट आले तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "ज़्यादा से ज़्यादा छह महीने." मी खोलीत परतलो. ताईनं विचारलं, "काय म्हणून राहिले डॉक्टर?"

"कमीत कमी सहा महिने."

तिनं फाइलवर पेन्सिलीनं x ≥ 6 लिहिलं आणि फाइल माझ्यासमोर धरली. "चिन्ह बरोबर आहे ना रे?"

मी मान हलवली.

"मग काहून असं तोंड करून बसला?" ती हसली आणि तिथूनच तिनं निखिलला फोन लावला. तो दुसऱ्याच दिवशी निघतो म्हणाला, तर ताई म्हणाली, "नवी नोकरी आहे, घाई नको करू. दिवाळीत ये, चांगला आठवडाभर राहा." मी शेजारीच बसून ऐकत होतो. चार महिन्यांत ती गेली.

आता भाजीवाली "कम से कम आधा किलो तो लो" म्हणाली तरी मी दचकतो. ताईनं माझं खोटं ओळखलं असेल का? ओळखलं असतं तर तिनं निखिलला थांबवलं नसतं. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, आणि तेच मला झोपू देत नाही.

तेराव्यानंतर निखिलला सोडायला मी स्टेशनवर गेलो. गाडी सुटताना तो म्हणाला, "मामा, आई तर म्हणाली होती, कमीत कमी सहा. डॉक्टर से ही गलती हुई ना?"

"हो रे," मी म्हणालो.

हे ज्या पुरवणीत छापून येतंय, ती तो वाचतो. निखिल, डॉक्टर चुकले नव्हते.